औषधाची ॲलर्जी जनुकं बघून आधीच कळते का?

सूक्ष्मदर्शी

"जनुकांचं पॅनेल केलं की कुठली औषधं बाधणार ते सगळं आधीच कळतं ना?" हा प्रश्न हल्ली फार वेळा कानावर येतो. मी टिश्यू टायपिंगच्या लॅबमध्ये काम करतो, म्हणजे अवयव प्रत्यारोपणाआधी दाता आणि रुग्ण जुळतात का ते पाहणारी लॅब. औषधांसाठीच्या एचएलए (प्रतिकारशक्तीला आपलं-परकं ओळखायला मदत करणारी जनुकं) चाचण्याही आमच्याच टेबलावर येतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: सगळं कळत नाही. पण चार-पाच औषधांबाबत जे कळतं ते इतकं पक्कं आहे की त्यांच्याआधी चाचणीचा विचारच न होणं मला पटत नाही. हा धागा मुख्यतः त्या चार-पाच औषधांचा.

आधी थोडी गाळणी लावू. "मला औषध बाधलं" या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी येतात. एक, औषध शरीरात नीट मोडलं जात नाही, साठतं, आणि त्रास होतो. ही ॲलर्जी नाही. क्लोपिडोग्रेल, कोडीन, फ्लुरोयुरॅसिल वगैरेंसाठी ज्या जनुकांची चर्चा असते ती बहुतेक या खात्यातली (क्लोपिडोग्रेल आणि कोडीनमध्ये उलटं, ती नीट मोडली गेली नाहीत तर लागूच पडत नाहीत). दोन, गोळी घेतल्यावर काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत गांधी उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं. ही खरी ॲलर्जी, पण इथे जनुकं आज जवळजवळ काहीच सांगत नाहीत. तीन, काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी येणारी प्रतिक्रिया: ताप, पुरळ, यकृताला सूज, आणि सर्वात वाईट म्हणजे कातडी सोलून निघणं. जनुकीय चाचणी कामाची आहे ती या तिसऱ्या प्रकारात.

कारण तिथे एचएलए मध्ये येतं. सहाव्या गुणसूत्रावरची ही जनुकं. पेशी आतल्या प्रथिनांचे मोडके तुकडे एचएलएच्या खाचेत धरून बाहेर मांडते आणि टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशी, ते तपासतात. घराबाहेर ठेवलेल्या कचऱ्याच्या बादलीत डोकावून आत काय चाललंय ते ओळखावं, तसं. या खाचेचा आकार माणसागणिक वेगळा असतो, आणि काही औषधांचे रेणू ठरावीक आकाराच्या खाचेतच अडकतात. मग टी-पेशींना आपलीच पेशी परकी वाटते आणि त्या हल्ला करतात.

सर्वात स्वच्छ उदाहरण अबाकॅव्हिरचं. एचआयव्हीवरचं औषध. चाचणी नव्हती तेव्हा घेणाऱ्यांपैकी ५ ते ८ टक्के लोकांना पहिल्या सहा आठवड्यांत ताप, पुरळ, उलट्या, खोकला असा त्रास व्हायचा. बंद केलं की उतरायचा. पण "बघू या पुन्हा" म्हणून सुरू केलं तर काही तासांत रक्तदाब कोसळायचा, माणसं दगावलीही. २००२ मध्ये त्याचा संबंध एचएलए-बी ५७:०१ या जनुक-प्रकाराशी लागला. (रिपोर्टवर 'बी' आणि आकडा यांच्यामध्ये चांदणी असते. इथे टाकली की पुढचा मजकूर तिरका होतो, म्हणून गाळतोय.) मग १९ देशांतल्या १,९५६ रुग्णांवर चाचणीसह आणि चाचणीविना अशी तुलना झाली, निष्कर्ष २००८ मध्ये आले. पॅच टेस्टने (औषध कातडीवर लावून बघायची चाचणी) खात्री केलेली ॲलर्जी चाचणी न केलेल्या गटात २.७ टक्के, चाचणी केलेल्या गटात शून्य. औषधशास्त्रात असा गोल गरगरीत शून्य क्वचित दिसतो.

त्याच अभ्यासातली एक गोष्ट मला जास्त आवडते. नुसती लक्षणं बघून डॉक्टरांनी "ॲलर्जी" म्हटलेले रुग्ण चाचणी केलेल्या गटातही ३.४ टक्के निघाले. पॅच टेस्टमध्ये त्यातला एकही खरा ठरला नाही. पुरळ आणि ताप यायला इतर शंभर कारणं असतात, आणि फाइलवर शिक्का मात्र औषधाचा बसतो.

आता याच ५७:०१ ची दुसरी बाजू. फ्लुक्लोक्सासिलिन नावाचं अँटिबायोटिक आहे. त्याने यकृताला इजा होण्याचा धोका हे जनुक असलेल्यांना सुमारे ८० पट, हे २००९ मध्ये समजलं. ऐकायला भयंकर. पण ती इजा मुळात इतकी दुर्मीळ आहे की जनुक असलेल्या ५०० ते १००० जणांतून एखाद्यालाच ती होते. त्यामुळे त्या अँटिबायोटिकआधी कोणी ही चाचणी करत नाही, आणि करू नये हेच बरोबर. जनुक तेच, रिपोर्ट तोच, गोळी बदलली की निर्णय बदलला. म्हणून "माझी जनुकं तपासा" म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, कुठल्या गोळीसाठी?

कार्बामाझेपिन (फिट्स आणि नसेच्या दुखण्यावरचं) आणि ॲलोप्युरिनॉल (युरिक ॲसिडवरचं) यांच्याबद्दल प्रतिसादांत लिहितो, इथेच फार लांबलं.

अबोली

उत्तम धागा, आणि माझ्यासाठी अगदी वेळेवर. बाबांना चेहऱ्याच्या नसेचं दुखणं आहे, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. वारा लागला तरी कळ जाते, दात घासणं नको वाटतं. डॉक्टरांनी कार्बामाझेपिन लिहून दिलं आणि म्हणाले, एक रक्ताची चाचणी करून मगच सुरू करा. घरात आता दोन पक्ष पडलेत. आई म्हणते, दुखण्याने जीव चाललाय त्यांचा, गोळी द्या आधी. ही तीच चाचणी का? आणि थांबणं खरंच इतकं गरजेचं आहे?

सूक्ष्मदर्शी

अबोलीताई, तीच. एचएलए-बी १५:०२, बहुधा सोबत ए ३१:०१ पण असेल.

२००४ मध्ये तैवानमधल्या संशोधकांनी कार्बामाझेपिनमुळे स्टीव्हन्स-जॉन्सन (वर लिहिलेली, कातडी सोलून निघणारी प्रतिक्रिया) झालेले ४४ रुग्ण तपासले. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस जणांत १५:०२ सापडलं. तीच गोळी बिनतक्रार घेणाऱ्या १०१ जणांत फक्त तिघांत. डिसेंबर २००७ मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने आशियाई वंशाच्या रुग्णांत गोळी सुरू करण्याआधी ही चाचणी करा असं औषधाच्या माहितीपत्रकात घातलं. सिंगापूरने २०१३ पासून ती नेहमीच्या उपचाराचा भाग केली. दक्षिण आशियाई लोकांत हे जनुक सरासरी २ ते ४ टक्क्यांत असतं, काही समूहांत जास्त. चिनी, थाई, मलेशियन, फिलिपिनो लोकांत याहून बरंच अधिक. जपानी आणि युरोपीय लोकांत अगदी विरळ, तिथे ए ३१:०१ महत्त्वाचं.

थांबण्याबद्दल: ही प्रतिक्रिया पहिल्या गोळीपासून साधारण पहिल्या दोन महिन्यांतच येते. म्हणजे सुरू करून मग रिपोर्टची वाट बघणं म्हणजे धोक्याच्या काळातच गोळी घेणं. पण तोवर बाबांनी कळ सोसायची असंही नाही. रिपोर्टला काही दिवस लागतात, तेवढ्यापुरतं दुसरं काय देता येईल ते डॉक्टरांना आजच फोन करून विचारा. चाचणीला एक लहान नळी रक्त पुरतं, उपाशीपोटी जायची गरज नाही. आणि ती आयुष्यात एकदाच, जनुक काही बदलत नाही.

तिरकस

गोळीबारात उडी मारतो. ४४ पैकी ४४ हा आकडा सगळीकडे मिरवला जातो, पण तो उलटा आकडा आहे. ज्यांना आजार झाला त्यांच्यात जनुक किती, हे कळलं. मला जाणून घ्यायचंय ते असं की ज्यांच्यात जनुक आहे त्यांच्यापैकी किती जणांना आजार होतो. ते का कोणी सांगत नाही?

सूक्ष्मदर्शी

सांगतो की. तैवानमध्ये २३ रुग्णालयांनी मिळून ४,८७७ जणांना गोळीआधी तपासलं, २०११ साली निष्कर्ष छापले. ७.७ टक्के लोकांत जनुक सापडलं, त्यांना गोळी दिली नाही. बाकीच्यांना दिली, आणि एकालाही स्टीव्हन्स-जॉन्सन झाला नाही. जुन्या हिशेबाने ०.२३ टक्के, म्हणजे दहाएक जणांना व्हायला हवा होता.

आता तुमचा प्रश्न. याच आकड्यांवरून हजार माणसं धरा. त्यात ७७ जणांत जनुक. आजार होणार दोघा-तिघांना, आणि ते या ७७ मधलेच. म्हणजे जनुक असलेल्यांत साधारण ३ टक्के. उरलेल्या ९७ टक्क्यांना गोळी पचली असती.

तिरकस

हेच! म्हणजे चौऱ्याहत्तर जणांना एका चांगल्या गोळीला मुकवायचं, तिघांसाठी. आणि त्या चौऱ्याहत्तरांना कोणी सांगणार पण नाही की तुम्हाला काही झालं नसतं. त्यांच्या फाइलवर लाल अक्षरांत "कार्बामाझेपिनची ॲलर्जी" असं लिहिणार, जी त्यांना कधी झालेलीच नाही.

विसावा

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, म्हणून मध्ये बोलते. तिरकस, तुमचं गणित बरोबर आहे, पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बघा.

स्टीव्हन्स-जॉन्सनची सुरुवात फसवी असते. एक-दोन दिवस ताप, घसा दुखतो, डोळे चुरचुरतात. घरचे म्हणतात, व्हायरल आहे. मग छातीवर, पाठीवर लालसर-जांभळे डाग येतात. खाजत नाहीत, दुखतात. हा फरक लक्षात ठेवा. साधं पुरळ खाजतं, हे पुरळ दुखतं. ओठांवर काळपट खपल्या धरतात, तोंडातून पाणी घोटवत नाही. कातडीला हलकेच बोट घासलं की वरचा थर सरकतो. शरीराच्या दहा टक्क्यांहून कमी कातडी सुटली तर स्टीव्हन्स-जॉन्सन, तीस टक्क्यांच्या वर गेली तर टेन, म्हणजे याच आजाराचं उग्र रूप. पहिल्यात दगावण्याचं प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत, दुसऱ्यात तीस टक्के किंवा त्याहून अधिक. जे वाचतात त्यांच्यातल्या अनेकांचे डोळे कायमचे कोरडे होतात, पापण्या आतून चिकटतात, काहींची नजर जाते. म्हणून आम्ही पहिल्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना बोलावतो.

तुमच्या चौऱ्याहत्तरांना दुसरी गोळी मिळते. त्या तिघांना दुसरी कातडी मिळत नाही.

फाइलवरच्या लाल अक्षरांबद्दल मात्र पूर्ण सहमत. "ॲलर्जी" नव्हे, "एचएलए-बी १५:०२ आढळले, कार्बामाझेपिन टाळावे" असं लिहायला हवं. दोन्हीत फार अंतर आहे.

तिरकस

डॉक्टरीणबाई, हे पटलं. पण "दुसरी गोळी मिळते" हे इतकं सोपं आहे का?

विसावा

नाही, आणि इथेच खरी गोम आहे. हाँगकाँगने २००८ मध्ये १५:०२ ची चाचणी धोरण म्हणून आणली. कार्बामाझेपिनमुळे होणारे स्टीव्हन्स-जॉन्सन बंद झाले. पण पुढे सगळी आकडेवारी काढली तेव्हा दिसलं की फिट्सच्या औषधांमुळे होणारे एकूण रुग्ण काही कमी झालेच नाहीत! कारण चाचणीची भानगड नको म्हणून बरेच डॉक्टर कार्बामाझेपिन सोडून फेनिटॉइनकडे वळले. फेनिटॉइनलाही हाच धोका आहे, १५:०२ शीही त्याचा संबंध आहे, शिवाय सीवायपी२सी९ नावाच्या जनुकाच्या एका प्रकाराने तो वाढतो. ऑक्सकार्बाझेपिनलाही १५:०२ चा हाच धोका. चाचणीला काही झालं नव्हतं, पुढच्या पायरीला झालं होतं.

आणि लॅमोट्रिजिन, तेही फिट्सवरचंच. त्याच्यासाठी भरवशाची जनुकीय चाचणी नाही, तरी पुरळाचा धोका बराच कमी करता येतो, कसा? डोस अगदी सावकाश, आठवड्या-आठवड्याने वाढवून. सोबत व्हॅल्प्रोएट हे फिट्सचं दुसरं औषध चालू असेल तर आणखी सावकाश. म्हणून रुग्णाने "लवकर बरं वाटावं" म्हणून मनाने दोन गोळ्या घेतल्या की मला धडकी भरते. जनुकांच्या गप्पांत ही साधी गोष्ट मागे पडू नये.

कुतूहल

वाचतेय. जरा वेगळा प्रश्न. मला लहानपणी पेनिसिलिनने अंगभर पुरळ आलं होतं असं आई सांगते. तेव्हापासून प्रत्येक फॉर्मवर "पेनिसिलिन ॲलर्जी" लिहिते. याची जनुकीय चाचणी आहे का? एकदाच काय तो सोक्षमोक्ष.

सूक्ष्मदर्शी

नाही. २०२० मध्ये मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासात एचएलए-बी ५५:०१ शी संबंध दिसला, पण तो फार सौम्य आहे. धोका थोडासा वाढतो, इतकंच. एका माणसाला हो किंवा नाही सांगायला निरुपयोगी. पुढचं डॉक्टरांनी सांगावं.

विसावा

कुतूहल, तुमच्यासारखे खूप लोक आहेत. पाश्चात्त्य देशांत दहातल्या एकाच्या फाइलवर पेनिसिलिन ॲलर्जी लिहिलेली असते, आणि रीतसर तपासल्यावर त्यातल्या ९० टक्क्यांहून अधिक लोकांना पेनिसिलिन व्यवस्थित चालतं. लहानपणीचं पुरळ पुष्कळदा त्या वेळच्या विषाणूचंच असतं. आणि खरी ॲलर्जी असली तरी ती विरत जाते, दहा वर्षांत साधारण ८० टक्के लोकांची गेलेली असते.

तपासायचा मार्ग म्हणजे ॲलर्जीतज्ज्ञाकडे जाऊन त्वचेवरची चाचणी, आणि मग त्यांच्या नजरेसमोर तोंडाने डोस. कमी जोखमीच्या लोकांना थेट तोंडानेच देतात. घरी करून बघायची गोष्ट नाही ही. त्या वेळी नेमकं काय झालं होतं ते आईला नीट विचारून ठेवा: गोळीनंतर किती वेळाने, ओठ-डोळे सुजले होते का, श्वास लागला होता का, तोंडात फोड आले होते का, रुग्णालयात ठेवावं लागलं का. फोड आणि सोललेली कातडी असं काही असेल तर मात्र ही चाचणी करायचीच नाही.

शिक्का काढून टाकणं हे फुकाचं काम नव्हे. पेनिसिलिन टाळलं की त्याहून जास्त जंतू मारणारी, जास्त त्रास देणारी अँटिबायोटिक्स वापरावी लागतात.

टिंबटिंब

मी एक लाळेचं किट मागवलं होतं. नळीत थुंकायचं आणि पाठवून द्यायचं. रिपोर्ट आला तो भला मोठा, हिरव्या-पिवळ्या-लाल खुणांचा. त्यात कित्येक औषधांपुढे हिरवी खूण आहे. म्हणजे ती मला चालतील असं समजायचं ना? सूक्ष्मदर्शी, तुम्ही तर "कुठल्या गोळीसाठी" विचारता, माझ्याकडे सगळ्याच गोळ्यांचं उत्तर आहे. 😄

सूक्ष्मदर्शी

टिंबटिंब, त्या रिपोर्टमध्ये "एचएलए" हे शब्द शोधा. बहुतेक वेळा सापडत नाहीत. त्या हिरव्या खुणा औषध मोडणाऱ्या एन्झाइम्सच्या असतात, म्हणजे मी वर लिहिलेलं पहिलं खातं. हिरवी खूण म्हणजे "हे औषध तुमचं यकृत नेहमीच्या वेगाने मोडेल". ॲलर्जीबद्दल तिथे अवाक्षर नसतं.

एचएलए असलंच, तर पुढचा प्रश्न की ते कसं पाहिलंय. एचएलएची जनुकं माणसाच्या जनुकसंचातली सर्वात विविध. एकट्या एचएलए-बीचे हजारो प्रकार नोंदलेले आहेत. १५:०२ आणि १५:०१ यांच्यात फरक अगदी थोडा, पण पहिलं धोक्याचं आणि दुसरं नाही. नुसतं "बी १५" असं लिहिलेला रिपोर्ट कार्बामाझेपिनसाठी काही कामाचा नाही. स्वस्तातल्या चिप्स प्रत्यक्ष एचएलए वाचत नाहीत, शेजारची एखादी खूण बघून अंदाज बांधतात. ५७:०१ साठी अशी एक खूण युरोपीय लोकांत चांगली चालते. दुसऱ्या वंशाच्या लोकांत तोच अंदाज कोसळू शकतो. त्यामुळे रिपोर्टवर दोन गोष्टी बघायच्या: चार आकडी नाव आहे का, आणि पद्धत काय लिहिली आहे.

२०१८ मध्ये एफडीएने लोकांना आणि डॉक्टरांना सावध केलं होतं की असे बरेच रिपोर्ट पुराव्याच्या पुढे जाऊन दावे करतात, त्यांच्यावरून गोळी बदलू नका.

पॅनेल वाईट असतात असं मात्र नाही म्हणायचं मला. युरोपातल्या सात देशांत ६,९४४ रुग्णांवर बारा जनुकांचं पॅनेल वापरून बघितलं, २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. जनुकांवरून डोस किंवा औषध ठरवलेल्यांत त्रासदायक दुष्परिणाम सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाले. चांगलीच गोष्ट आहे. फक्त ते दुष्परिणाम आहेत, बहुतांश ॲलर्जी नव्हे.

तिरकस

म्हणजे टिंबटिंब यांचं उत्तर भलत्याच प्रश्नाचं आहे. 😀

मुक्काम

माझ्या भावाला युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल दिलं होतं. त्याला वर डॉक्टरांनी लिहिलंय तेच सगळं झालं. वाचला, पण एक डोळा अजून नीट नाही. चाचणी आधी केली नव्हती, विचारलं तर "असं लाखात एकाला होतं" एवढंच उत्तर मिळालं. आता माझंही युरिक ॲसिड वाढलंय. मी काय करू?

विसावा

मुक्काम, वाचून वाईट वाटलं. भावाच्या डोळ्यासाठी कॉर्नियाच्या तज्ज्ञांना दाखवत राहा, आता पूर्वीपेक्षा बरेच उपाय आहेत.

तुम्ही ॲलोप्युरिनॉल चाचणीशिवाय सुरू करू नका, आणि घरात असं घडलंय हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. मूत्रपिंडं कमजोर असतील तर धोका आणखी वाढतो, त्यामुळे क्रिएटिनिनही बघावं लागेल. आणि नुसतंच युरिक ॲसिड वाढलंय, सांधा कधी सुजला नाही, मुतखडा नाही, असं असेल तर गोळी हवीच का, हे आधी विचारा. पुष्कळांना लागत नाही.

सूक्ष्मदर्शी

मुक्काम, तुमची चाचणी म्हणजे एचएलए-बी ५८:०१. २००५ मध्ये, पुन्हा तैवानमध्येच, ॲलोप्युरिनॉलमुळे गंभीर प्रतिक्रिया आलेल्या ५१ जणांपैकी ५१ जणांत ते सापडलं, गोळी सोसलेल्यांत १५ टक्क्यांत. पुढे २,९२६ जणांना आधी तपासून गोळी दिली, २०१५ मध्ये निष्कर्ष आले. १९.६ टक्क्यांत जनुक, त्यांना दुसरं औषध. गंभीर प्रतिक्रिया शून्य, अपेक्षित होत्या सात. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आग्नेय आशियाई वंशाच्या, म्हणजे चिनी, कोरियन, थाई, आणि आफ्रिकी-अमेरिकी लोकांसाठी ही चाचणी सुचवली आहे. तुमच्या घरात तर प्रकारच घडलाय, त्यामुळे यादीत आहात की नाही हा प्रश्न उरत नाही.

भावाभावांचं असं असतं: एचएलए आईकडून एक संच आणि वडिलांकडून एक संच असं आख्खं येतं. भावाकडे एका बाजूने ५८:०१ आलं असेल तर तुमच्याकडे ते असण्याची शक्यता निम्मी. एक संच पुरतो, दोन्हीकडून यावं लागत नाही. भावाचीही चाचणी करून घ्या, त्याला ती गोळी आता कधीच द्यायची नाही हे तर ठरलंय, पण त्याच्यात ५८:०१ निघालं तर तुमच्या रिपोर्टला अर्थ येतो. त्याच्यात ते नाहीच असं निघालं, तर तुमचा निगेटिव्ह रिपोर्ट फारसा दिलासा देत नाही, कारण मग घरातलं कारण आम्हाला माहीत नसलेलं काहीतरी आहे.

विसावा

हा मुद्दा अधोरेखित. निगेटिव्ह रिपोर्ट हातात पडला की रुग्णही सैल होतो आणि डॉक्टरही. ५८:०१ नसलेल्यांनाही क्वचित होतं, विशेषतः युरोपीय वंशाच्या लोकांत. म्हणून ॲलोप्युरिनॉल कुणालाही द्या, सुरुवात १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, आणि हळूहळू वर. पहिले दोन-तीन महिने ताप, तोंडात फोड, डोळे लाल, दुखणारं पुरळ यातलं काहीही आलं की गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय. रिपोर्ट काहीही असो.

ॲलोप्युरिनॉलऐवजी फेबुक्सोस्टॅट देतात, पण हृदयविकार असेल तर त्यावरही वेगळा विचार करावा लागतो.

कुतूहल

सल्फा औषधांचं काय? आणि डॅप्सोन?

सूक्ष्मदर्शी

डॅप्सोनसाठी आहे. २०१३ मध्ये चीनमधल्या कुष्ठरुग्णांत एचएलए-बी १३:०१ शी संबंध सापडला आणि तिथे चाचणीही सुरू झाली. डॅप्सोनमध्ये एक गंमत अशी की त्याच्याआधी जी६पीडी पण तपासतात, पण ते तांबड्या पेशी फुटतात का हे बघायला. ॲलर्जीशी संबंध नाही. एकाच गोळीआधी दोन चाचण्या, दोन वेगळ्या खात्यांतल्या.

सल्फा गटासाठी सरसकट वापरावी अशी चाचणी नाही. दुखण्यावरच्या ब्रुफेन वगैरे गोळ्यांसाठी नाही. भुलीच्या औषधांच्या ॲलर्जीसाठी नाही. व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या ड्रेस (ताप, पुरळ आणि अवयवांना सूज) नावाच्या प्रतिक्रियेचा ए ३२:०१ शी संबंध २०१९ मध्ये दिसला, पण ते औषध बहुतेकदा तातडीने द्यावं लागतं, रिपोर्टची वाट कोण बघणार? यादी खरंच एवढीशीच आहे.

टिंबटिंब

एक शंका. मी बोनमॅरो दात्यांच्या नोंदणीत आहे. तेव्हा माझं एचएलए काढलं होतं. ते चालेल?

सूक्ष्मदर्शी

भारी प्रश्न! चालू शकतं. पुरेसं बारकाईने काढलेलं असेल तर त्यात ५७:०१, ५८:०१, १५:०२ सगळं आधीच लिहिलेलं असतं, पुन्हा रक्त द्यायची गरज नाही. तुमचा रिपोर्ट मागून घ्या.

उलट बाजूची एक सूचना: ज्यांना स्वतःला बोनमॅरो प्रत्यारोपण झालंय त्यांच्या रक्तातून एचएलए काढलं तर ते दात्याचं येतं. कातडीच्या पेशी मात्र जुन्याच. अशा वेळी लॅबला आधी सांगा, नाहीतर रिपोर्ट भलताच अर्थ लावून वाचला जातो.

अबोली

बाबांच्या डॉक्टरांशी बोलले. रिपोर्ट येईपर्यंत दुसरी गोळी दिली आहे, कळ पूर्ण गेली नाही पण रात्री झोप लागतेय. आईचा राग निवळला. आत्याही विचारतेय, ती फिट्ससाठी कितीतरी वर्षं कार्बामाझेपिनच घेते. हे सगळं ऐकून घाबरलीय, म्हणते मी उद्यापासून बंद करते. तिनेही चाचणी करायची का?

विसावा

अबोली, आत्याला आजच फोन करा. गोळी मनाने बंद करायची नाही. अचानक थांबवली तर फिट्स उलटून येतात, एकामागून एक येऊ शकतात, आणि तो धोका खरा आणि लगेचचा आहे. इतकी वर्षं गोळी सोसली आहे म्हणजे या प्रतिक्रियेचा काळ केव्हाच मागे पडला. जनुक असलं तरी आता त्यावरून काही बदलायचं नाही. तिला चाचणीची गरज नाही. फक्त पुढे कधी तिची गोळी बदलून फेनिटॉइन किंवा ऑक्सकार्बाझेपिन द्यायची वेळ आली, तर तेव्हा डॉक्टरांना विचारा.